घाबरू नका, अनीशला फोन करा

“हॅलो, अनीशच ना? अहो, तुमच्या साईटवर जेट्टीच्या वेळा बघायला गेले, तर ‘या पत्त्यावर काही नाही, घाबरू नका, अनीशला फोन करा’ असं आलं. म्हणून केला.”

अनीशने हातातली सुपारी टोपलीत टाकली, हात लेंग्याला पुसले आणि फोन नीट कानाशी धरला.

“बोला ताई, बोला. अनीशच बोलतोय. कुठे आहात आत्ता?”

बाई मुरुडला होत्या. गाडी घेऊन दिवेआगरला यायचं होतं. अनीशने त्यांना आगरदांड्याची जंगलजेट्टी कधी सुटते ते सांगितलं, गाडी बोटीवर चढवताना घाई करू नका म्हणाला, दिघीला उतरल्यावर वेळासवरून कसं यायचं ते सांगितलं, मुलांना बोट लागत असेल तर आधी पोटभर खायला घालू नका हेही सांगितलं. बाई खूश झाल्या. फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला. ठाण्याचे कुणी गृहस्थ होते. त्यांनाही जेट्टीच्याच वेळा हव्या होत्या. त्यानंतर तिसरा. त्याला खोली पक्की करायची होती आणि ते पानही उघडत नव्हतं.

तिसऱ्या फोननंतर अनीशला काय झालंय ते कळलं. लॅपटॉप उघडावा लागला नाही. आणि त्याला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा. अनीश तसा चांगला माणूस आहे, कुणाच्या अध्यामध्यात नाही, पण त्या शनिवारी सकाळी, सव्वीस जानेवारीला जोडून सुट्ट्या आलेल्या असताना आणि अर्धा महाराष्ट्र किनाऱ्याकडे निघालेला असताना, त्याला मनापासून आनंद झाला.

त्याचं असं झालं होतं. २०२०च्या चक्रीवादळात अनीशच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. बोर्लीला त्याचा संगणकाचा वर्ग होता, तो टाळेबंदीत आधीच बंद पडला होता. घरं सावरल्यावर गावातल्या होमस्टेवाल्यांनी मंडळ काढलं आणि साईट कोण करणार असा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांच्या माना अनीशकडे वळल्या. त्याला टायपिंग शिकवता येत होतं, एक्सेल शिकवता येत होतं, साईट कशाशी खातात ते माहीत नव्हतं. तो ‘करतो’ म्हणाला. पडलेल्या पोफळींच्या मधे खुर्ची टाकून, जिथे रेंज यायची तिथे बसून, त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघत सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट शिकून घेतली. वय चाळिशीला टेकलेलं. बायको प्राची शाळेत शिकवते, ती म्हणायची, आमच्याकडे शेंडेफळ नाही, त्याची हौस हे भागवतायत.

साईट झाली. सगळी एका फाईलमध्ये. त्या फाईलचं नाव ॲप डॉट जेएस. ज्याला या धंद्यातले लोक रूट म्हणतात, म्हणजे पाहुण्याने कुठला पत्ता टाकला तर त्याला कुठल्या पानावर न्यायचं, ते अनीशने एकाखाली एक लिहिले होते. श्यामलाकाकूंचं घर हा एक रूट. महादेवकाकांची वाडी हा दुसरा. नवं घर मंडळात आलं की फाईलमध्ये चार ओळी वाढायच्या. शहाणा माणूस सगळ्या घरांना मिळून एकच रूट लिहील, पण अनीशला प्रत्येक घर वेगळं लिहायलाच बरं वाटायचं.

यात एकच गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे क्रम. सर्व्हरवर आलेली मागणी ही आळीत शिरलेल्या पाहुण्यासारखी असते. पहिल्या घरी विचारते, नाही म्हटलं की दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या. ज्या घराने पहिल्यांदा ‘या’ म्हटलं तिथे ती थांबते, पुढे जात नाही. आळीच्या शेवटी अनीशने स्वतःला बसवलं होतं. कुणाकडेच सोय झाली नाही, पत्ता चुकला, अक्षर चुकलं, तर पाहुणा त्या शेवटच्या रूटवर यायचा, आणि तिथे लिहिलेलं असायचं: या पत्त्यावर काही नाही. घाबरू नका, अनीशला फोन करा. खाली नंबर.

साईटवर दुसरा कुठलाच नंबर नव्हता. तो मंडळाचा नियमच होता. पहिल्या वर्षी सगळ्यांचे नंबर टाकले होते, तेव्हा एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यावरून दोन सख्ख्या जावांनी बोलणं टाकलं. तेव्हापासून खोली पक्की झाल्याशिवाय घरमालकाचा नंबर द्यायचा नाही असं ठरलं. त्यामुळे अख्ख्या दिवेआगरचा जगाला माहीत असलेला नंबर एकच, अनीशचा.

आणि पाहुणे चुकायचे. साईट अशी होती की चुकावंच. मग फोन यायचे. जेट्टी कधी, मोदक मिळतील का, समुद्र घरातून दिसतो का, कुत्रं आणलं तर चालेल का. एका आजोबांनी तर पालीला बल्लाळेश्वराच्या रांगेत उभं राहून फोन केला होता की इथे गर्दी किती वेळ असते. अनीशने तेही विचारून सांगितलं. “जीव खाल्लाय लोकांनी,” असं तो चारचौघांत म्हणायचा, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा. नव्या नवरीने दागिने जड होतात म्हणावं तसा.

मग झोया आली.

झोया दिघीची. तिचे वडील अहमदभाई बरीच वर्षं कुवेतला काढून आले आणि आता जेट्टीच्या तिकीटखिडकीवर बसतात. नववीत असताना झोया बोर्लीला अनीशच्या वर्गात यायची. कीबोर्डवर कुठलं बोट कुठे ठेवायचं ते तिला अनीशने शिकवलं. ती इंजिनिअर झाली तेव्हा अहमदभाई खजुराचा डबा घेऊन अनीशकडे आले होते, म्हणाले, “तुज्यामुळं झालं ह्ये.” अनीशने तो डबा आठवडाभर ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला होता.

तीच झोया दिवाळीनंतर मंडळाच्या बैठकीला आली आणि तिने साईटमधल्या तुटलेल्या जोडण्या, म्हणजे लिंका, पडद्यावर दाखवल्या. तक्रार म्हणून नाही, अगदी हळू आवाजात, “सर, ह्या जरा नीट करू का?” असं विचारत. मंडळी अनीशकडे बघू लागली. जेट्टीच्या वेळा आणि खोली पक्की करायची सोय साईटवर टाकायला सगळे वर्षभर त्याच्यामागे लागले होते आणि तो ‘करतो, करतो’ म्हणत होता. तो हसून म्हणाला, “अगं, कर की. विचारतेस काय?” घरी येऊन तो जेवला नाही. पोटात दुखतंय म्हणाला. प्राची म्हणाली, “दुखणारच.”

झोयाने जोडण्या नीट केल्या. पाहुणे चुकायचे थांबले. आणि अनीशचा फोन मुका झाला.

पहिले काही दिवस त्याला वाटलं, रेंज गेली असेल. मग त्याने प्राचीला शाळेतून फोन करून बघायला सांगितलं. तिने मधल्या सुट्टीत केला, “लागतोय,” म्हणाली आणि ठेवला. मंडळाने झोयाला शाल-नारळ दिला, त्याचा फोटो ग्रुपवर आला, त्याखाली अंगठे आणि हार यांची नुसती रीघ. अनीशनेही अंगठा टाकला. मग तो फोटो मोठा करून बघत बसला. शाल आपल्याला कधी दिली नाही, हे त्याला तोपर्यंत जाणवलं नव्हतं. आता जाणवलं आणि नाकाला मिरच्या झोंबाव्या तसं झालं. तिने नीट केलेल्या पानांमध्ये तो चुका शोधायला लागला. अक्षरं बारीक आहेत. रंग फिका आहे. समुद्राचा फोटो दिवेआगरचा नाहीच. तो दिवेआगरचाच होता, त्याने जाऊन बघितलं.

हेवा हा असा गप्प बसणारा प्राणी नसतो. तो अनीशला सकाळी उठवायचा, दिवसातून दहादा साईट उघडायला लावायचा आणि काही मोडलेलं नाही हे बघून हिरमुसायचा.

आणि आज मोडली होती. जेट्टीच्या वेळा आणि खोली पक्की करायची सोय या नव्या पानांचे रूट आज सकाळी साईटवर चढणार होते हे ग्रुपवर आलंच होतं. पोरीने घाईत जोडले असणार आणि शेवटचा रूट मधेच कुठेतरी राहिला असणार. आळीच्या मधोमध अनीश बसलेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय, पुढे काही नाही, मला फोन करा. एक ओळ उचलून खाली नेली की झालं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

अनीशने सुपारीची टोपली बाजूला सारली आणि फोन चार्जिंगला लावून त्याच्या शेजारीच ठाण मांडलं.

सकाळ मोठी झकास गेली. तो बोलत होता, हसत होता, बदलापूरच्या एका कुटुंबाला त्याने घाटातून कुठे चहा चांगला मिळतो तेही सांगितलं. “तुम्ही होतात म्हणून,” लोक म्हणत होते. दोन महिन्यांचा उपास सुटल्यासारखं त्याला झालं. एक फोन ठेवला की दोन चुकलेले दिसायचे, मग तो त्यांना उलट फोन करायचा.

मधेच अहमदभाईंचा आला.

“अनीशभाय, सलाम. जरा बघ ना रं. हिकडं खिडकीवर लोकं माज्या डोक्यावर बसलीत. साईटवर टायम दिसत न्हाय म्हणतात. मी काय सांगू? झोया सकाळपासून त्या डबड्यासमोर बसली हाय, चाय पन घेतली न्हाय. आता रडाया लागली, असा तिच्या अम्मीचा फोन आला. तू तिचा उस्ताद. तू नजर टाकलीस तर व्हईल.”

“बघतो, अहमदभाई.”

“बघ हां. पोरीचं पहिलंच काम हाय.”

“बघतो म्हटलं ना.”

त्याने फोन ठेवला. लाज वाटली का? वाटली, थोडी. पण लगेच पुढचा फोन आला आणि त्याने घेतला.

दुपारी प्राची शनिवारची शाळा करून आली. चपला काढता काढताच तिने नवऱ्याकडे बघितलं. चेहरा लख्ख, केस विंचरलेले, फोन कानाला.

“काय झालं? कुणाचं लग्न ठरलं?”

“साईट बसलीय. पोरीने घोळ घातलाय. सकाळपासून फोन थांबत नाहीयेत.”

“तुला कळलंय का काय घोळ आहे तो?”

“कळायचंय काय त्यात? क्रम चुकलाय.”

“मग सांग की तिला.”

“तिने विचारलं तर सांगेन.”

प्राचीने पर्स खुंटीला अडकवली. “वर्गात असं एखादं कार्टं असतं माझ्या,” ती म्हणाली. “त्याला उत्तर येत असतं, पण शेजारच्याला छडी बसेपर्यंत हात वर करत नाही.”

“तू आता वर्ग घरी आणू नकोस.”

“मी कुठे आणला? घरीच भरलाय,” असं म्हणून ती पानं घ्यायला आत गेली. अनीश जेवायला बसला तेही फोन पाटाशेजारी ठेवून.

जेवण अर्ध्यावर असताना महादेवकाकांचा फोन आला. महादेवकाका मंडळाचे अध्यक्ष. ते फोनवरही समोर सभा असल्यासारखे बोलतात.

“अनीश! काय चाललंय काय ह्ये? माझ्या दोन खोल्या रिकाम्या हायत, सुट्टीच्या दिवसात! त्या पोरीच्यानं न्हाय व्हायचं. तुझं होतं त्येच बरं होतं. दिसायला कसं का असंना, चालत तरी होतं. आज संध्याकाळी श्यामलावैनींच्या अंगणात बैठक लावलीय. साईट परत तुझ्याकडं घे. मी ठरावच मांडतो.”

“बघू काका,” अनीश म्हणाला. आवाज त्याने मोठ्या कष्टाने जागेवर ठेवला होता. फोन ठेवल्यावर त्याने भात वाढून घेतला. प्राची बघत होती. तिने ताक वाढलं.

म्हणजे सगळं मनासारखं झालं होतं. संध्याकाळपर्यंत नुसतं गप्प बसायचं होतं.

उन्हं कलायला लागली तशी श्यामलाकाकू आल्या. काकू पाचसहा घरं पलीकडच्या, सत्तरीच्या, एकट्या. वादळात त्यांच्या घरावरची कौलं समुद्रापर्यंत गेली होती. होमस्टेच्या दोन खोल्या आणि हातचे मोदक यावर त्यांचं चालतं. त्यांच्या हातात स्टीलचा मोठा डबा होता.

“घे रे. उकडीचे आहेत. गरम होते, आता कोमट झाले.”

“आज कसले मोदक, काकू?”

“अरे, पनवेलची मंडळी यायची होती. मोदक हवेत असं काल ओळखीतल्या एकाकरवी कळवलंनीत, म्हणून पहाटे उठून नारळ खवले. आज सकाळी साईटवरनं पक्कं करायचं होतं. तर ते काही उघडेना, तुझा नंबर आला, आणि तुझा फोन लागेना. मग त्यांनी मुरुडलाच खोल्या घेतल्या. त्यातल्या एकीने कुणाकडनं तरी माझा नंबर काढून आत्ता फोन केलान्. बिचारी दहादा सॉरी म्हणाली. म्हणे, तुमच्या त्या अनीशचा फोन सकाळपासून आपला गुंतलेलाच.” काकू पायरीवर टेकल्या. “एवढं कुणाशी बोलत होतास रे?”

विचारण्यात काही खोच नव्हती. काकूंना खोच येतच नाही. अनीशने डब्याचं झाकण उघडलं. वर केळीचं पान होतं, खाली मोदक, एकेक कळी निगुतीने पाडलेली. पहाटे उठून नारळ खवणारे ते हात त्याला माहीत होते, बोटं आता नीट मिटत नाहीत.

“खा ना एक,” काकू म्हणाल्या. “वाया जाण्यापेक्षा तू खाल्लास तर बरं वाटेल. तुलाही आज किती मनस्ताप झाला असेल.”

त्याने एक तोंडात घातला. फोन वाजला. त्याने नाव न बघताच बंद केला. काकू “संध्याकाळी ये हो बैठकीला” असं सांगून गेल्या तरी तो तसाच, गाल फुगवून बसला होता.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. झोयाने ओढणी सारखी केली, पाठीवरची बॅग पुढे घेतली. डोळे सुजलेले होते.

“आत येऊ का सर?”

वर्गाच्या दारातून ती असंच विचारायची. अनीशने कसाबसा घास गिळला आणि मान हलवली. ती चटईवर बसली, लॅपटॉप मांडीवर उघडला.

“सर, घरी सगळं चालत होतं. माझी नवी फाईल एकटी चालवली तर मस्त चालते. तुमच्या फाईलला जोडली की माझा एकही रूट सापडत नाही. सगळं तुमच्या त्या शेवटच्या पानावर जातं. मी स्पेलिंग बघितली, सर्व्हर बंद करून चालू केला, आख्खी फाईल पुन्हा लिहिली. कॉलेजात आम्हाला ही सर्व्हरची बाजू फार शिकवलीच नाही. मला येतच नाही बहुतेक, सर.”

“जोडलीस कुठे?”

“तुमच्या खाली.”

“माझ्या खाली का पण?”

झोयाला प्रश्नच कळला नाही. “म्हणजे काय सर? तुमची आधी, मग माझी. अब्बा पण म्हणाले, सरांच्या फाईलला हात लावू नको, आहे तशी राहू दे, तुझं जे काय आहे ते तिच्या खाली मांड. मी एक अक्षरसुद्धा हलवलं नाही.”

सकाळपासून अनीश मनातल्या मनात तिला घाईची, उथळ, शिकलेली पण गिरवलेली नाही, असं काय काय म्हणत होता. शेवटचा रूट तिने मधे टाकला नव्हता. त्याची फाईल जशीच्या तशी मानाने वर ठेवली होती, आणि फाईलच्या तळाशी त्यानेच बसवलेला तो अनीश तिच्या वाटेत आडवा आला होता.

“माझ्या फाईलमध्ये शोधलं नाहीस?” त्याने विचारलं.

“तुमच्यात चूक कशी असेल सर?” ती म्हणाली. “मी माझ्यातच शोधत होते.”

आतून प्राची चहा घेऊन आली होती. ती उंबऱ्यात थांबली.

“माझी सगळ्यात शेवटची ओळ बघ,” अनीश म्हणाला. “ज्याला कुणीच सापडलं नाही त्याला माझ्याकडे पाठवते ती. ती तुझ्या आधी येते. त्यामुळे तुझ्यापर्यंत कुणी पोचतच नाही. ती उचल आणि तुझ्याही खाली ठेव.”

झोयाने बघितलं. तिच्या तोंडून “या अल्ला” निघालं आणि तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला. ओळ उचलली, खाली ठेवली, चढवली. जेट्टीच्या वेळा पडद्यावर आल्या. तिने खोल्यांचं पान उघडून बघितलं. तेही आलं. ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग तिचं हसू हळूहळू थांबलं.

“सर, तुम्ही फाईल उघडून बघितलीच नाहीत.”

“नाही.”

“न बघता सांगितलंत.”

“हो.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.” तिने शब्द जपून वापरले, चुकून त्याचा अपमान होऊ नये म्हणून. “आत्ता सुचलं का सर?”

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. तिने तसा रस्ता करूनच दिला होता. उंबऱ्यातली प्राची हलली नव्हती.

“सकाळी तिसरा फोन आला तेव्हाच कळलं होतं,” अनीश म्हणाला.

“अब्बांचा फोन त्याच्या नंतर आला?”

“नंतर.”

झोयाने लॅपटॉपच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. प्राचीने चहा तिच्यापुढे ठेवला. अनीशने मोदकांचा डबा तिच्याकडे सरकवला.

“नको. अम्मीने जेवण ठेवलंय,” ती म्हणाली. चहालाही तिने हात लावला नाही.

“फाईल तोड माझी,” अनीश म्हणाला. आपला आवाज त्याला जरा मोठा वाटला, म्हणून त्याने खाली आणला. “घरांची वेगळी कर, जेवणाखाण्याची वेगळी, जेट्टीची आहेच. सगळ्या घरांना मिळून एकच रूट पुरतो. मी हौसेने वेगवेगळे लिहिले होते. आणि ही शेवटची ओळ कुणाच्याच फाईलमध्ये ठेवू नकोस. सगळ्यांना जोडून झालं की मग, सर्वांत खाली.”

ती करत गेली. त्याच्या पाच वर्षांच्या फाईलमधलं एकेक घर उचललं जात होतं आणि त्याला ते बघवत नव्हतं, पण तो उठला नाही. काम झपाझप झालं. त्याला लागला असता त्याच्या चौथाई वेळात झालं, आणि या वेळीसुद्धा, इतकं सगळं झाल्यावरसुद्धा, त्याच्या मनात आलंच की कार्टीचा हात काय चालतो.

“नंबर कुठला ठेवू?” तिने विचारलं. बोटं थांबली होती.

अनीशने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला नाही, खाली ठेवला.

“तुझा घाल.”

तिने घातला. लॅपटॉप मिटून बॅगेत ठेवला, ओढणी सारखी केली. “येते मी,” म्हणाली. नववीपासून तिचं वाक्य ‘सर’ म्हटल्याशिवाय संपलेलं अनीशला आठवत नव्हतं. स्कूटी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो पायरीवर उभा होता.

संध्याकाळी श्यामलाकाकूंच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मंडळाचे सगळे आले होते. अहमदभाई जेट्टीवरून आलेले, अंगात अजून तसाच खाकी शर्ट. त्यांच्या शेजारी झोया. अहमदभाईंनी अनीशला बघून हात वर केला, “तू होतास म्हणून, अनीशभाय,” असं लांबूनच ओरडून म्हणाले. म्हणजे घरी तिने काही सांगितलं नव्हतं. झोया समोरच्या तुळशीकडे बघत होती.

महादेवकाका उभे राहिले. गावाची अब्रू, पाहुण्यांची गैरसोय, सुट्टीचा धंदा असं करत ठरावावर आले. “म्हणून माझं मत असं हाय की ज्याचं काम त्यानंच करावं. साईट परत अनीशकडं द्यावी. अनुमोदन कोण देतंय?”

दोनचार हात वर झाले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. हेच ऐकायला तो दिवाळीपासून झुरला होता. अनीश उठला.

“चूक तिची नव्हती,” तो म्हणाला. “माझी फाईल तिने मान देऊन वर ठेवली, तिथे अडलं सगळं. आणि मला ते सकाळीच कळलं होतं. मी सांगितलं नाही.”

“का रं?” महादेवकाकांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

“मला फोन येत होते,” अनीश म्हणाला.

अहमदभाईंनी हळूहळू मान वळवून मुलीकडे बघितलं, मग अनीशकडे, मग स्वतःच्या हातांकडे. श्यामलाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि आत गेल्या.

“साईट झोयाकडेच राहू दे,” अनीश म्हणाला. “काकू, तुमचा डबा घासून ठेवलाय, उद्या आणून देतो.” त्याचं बोलणं आत पोचलं की नाही कुणास ठाऊक. तो खाली बसला.

महादेवकाका घसा खाकरून पुढचं काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. अनीशचा हात आपोआप खिशात गेला. बोटांनी फोन चाचपला. तो गप्प होता. वाजत होता तो झोयाचा.

नंबर अनोळखी होता. ती उठून कुंपणाशी गेली.

“हॅलो. हो, बरोबर लागलाय. बोला ना काकी. घाबरू नका. कुठे आहात आत्ता? आगरदांड्याला? मग आता जेट्टीत बसा, गाडी चढवताना घाई करू नका. दिघीला उतरलात की वेळासवरून सरळ या. नाही, फार उशीर नाही होणार, जेवायच्या वेळेपर्यंत पोचाल. मुलं आहेत का बरोबर? मग पोटभर खायला नका देऊ आत्ता, बोट लागते…”

ती छान सांगत होती. मधे न थांबता, समोरच्याचं ऐकून घेत, त्याच्यापेक्षा नीट. अनीशला पुन्हा हेवा वाटला, सकाळइतकाच, सगळ्यांच्या देखत. त्याने मान खाली घातली आणि एकेक शब्द ऐकत राहिला. हात खिशातच होता.